तांब्यावर ज्योतीने रंग: पहिल्या पट्टीपासून पहिल्या पानापर्यंत

तांब्याच्या पत्र्यावर गॅस टॉर्चची ज्योत फिरवली की नारिंगी, किरमिजी, जांभळा, निळा, सोनेरी असे रंग उमटतात. त्यात रंगद्रव्य नसते, शाई नसते, मुलामाही नसतो. तापलेले तांबे हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावते आणि पृष्ठभागावर कॉपर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा चढतो. प्रकाशाचा काही भाग या पापुद्र्याच्या वरच्या बाजूवरून परततो, काही भाग आत शिरून खालच्या तांब्यावरून परततो. परतणाऱ्या या दोन लाटा एकमेकींत मिसळताना काही रंग विझतात आणि काही उठून दिसतात. साबणाच्या फुग्यावरचे रंग याच कारणाने दिसतात. पापुद्रा किती जाड झाला त्यावर कोणता रंग दिसणार हे ठरते, आणि ही जाडी काही दहा नॅनोमीटरपासून शंभर-सव्वाशे नॅनोमीटरपर्यंतची, म्हणजे केसाच्या जाडीच्या शेकडो पट कमी असते.

हे समजून घेणे नवशिक्याला फार उपयोगाचे आहे, कारण त्यातून कामाचा मुख्य नियम निघतो. ज्योतीने पापुद्रा वाढवता येतो, हवा तेवढाच कमी करता येत नाही. निळा हवा होता आणि तो ओलांडून गेला, तर टॉर्चने मागे येता येत नाही. घासून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून या कलेत हात शिकतो ती मुख्य गोष्ट एकच, ज्योत नेमकी कधी उचलायची. पुढे जे काही सांगितले आहे, सफाई, पत्र्याची जाडी, ज्योतीचे अंतर, ते सगळे तो क्षण हाताशी यावा म्हणून आहे.

रंगांचा क्रम पाठ करा

स्वच्छ तांबे हळूहळू तापवले की दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास पहिला बदल दिसू लागतो. आधी गुलाबीसर धातू नारिंगी होतो. मग तो गडद होत तांबूस-किरमिजी, त्यानंतर जांभळा आणि मग निळा होतो. निळ्यानंतर पुष्कळ जण गोंधळतात, कारण रंग एकदम फिका पडतो आणि चंदेरी-पांढरट दिसू लागतो. काहीतरी बिघडले असे वाटते, पण बिघडलेले काही नसते. पापुद्रा पुढच्या टप्प्यात गेलेला असतो. या फिक्या टप्प्यातून सोनेरी पिवळा वर येतो, मग गुलाबी, आणि पुढे कधीकधी मंद हिरवट छटा. त्याच्याही पुढे गेलात की रंग मळतो, करडा होतो आणि शेवटी काळी खपली धरते. ती खपली म्हणजे जाड झालेला काळा कॉपर ऑक्साइड. तिथे रंगांचा खेळ संपतो.

रंग केवळ तापमानावर ठरत नाही, वेळेवरही ठरतो. कमी उष्णतेत जास्त वेळ ठेवले तरी पापुद्रा वाढतो आणि जास्त उष्णतेत थोड्या वेळातही वाढतो. म्हणून ‘जांभळ्यासाठी अमुक अंश’ असले कोष्टक या कामात फारसे कामाचे नाही. डोळ्यांनी क्रम ओळखणे आणि पुढचा रंग कोणता येणार हे आधीच माहीत असणे, हेच खरे मोजमाप.

पत्रा आणि टॉर्च

सुरुवातीला ०.३ ते ०.५ मिलिमीटर जाडीचा शुद्ध तांब्याचा पत्रा घ्या. याहून पातळ, ०.१ मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा कोरीव उठावाला सुंदर, पण ज्योतीखाली तो क्षणार्धात सगळे रंग ओलांडून जातो आणि वाकडाही होतो. उलट १ मिलिमीटरच्या पुढचा पत्रा उष्णता इतकी ओढून घेतो की छोट्या टॉर्चने रंग येतच नाही. आणि येऊ लागला की थांबवता येत नाही, कारण धातूत साठलेली उष्णता ज्योत काढल्यावरही काम करत राहते. तांबे उष्णतेचे फार चांगले वाहक आहे. लावलेली उष्णता जागेवर थांबत नाही, चहूकडे पळते. या कामातली निम्मी अडचण आणि निम्मे सौंदर्य याच गुणातून येते.

भंगारातले तांबे वापरायचे असेल तर डोळे उघडे ठेवा. लाखेचे किंवा वार्निशचे आवरण असलेला तुकडा तापवला तर विषारी धूर निघतो. कल्हई केलेल्या भांड्याचा पत्रा घेऊ नका. कथील २३२ अंशांना वितळते आणि तांब्याशी एकजीव होऊन पृष्ठभाग कायमचा खराब करते. जुन्या नळांच्या सांध्यांवर शिसे असू शकते, तेवढा भाग कापून टाका. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा तार टॉर्चखाली अजिबात आणू नका. जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप येतो, छाती भरते. तांब्याच्या रंगाच्या पण स्प्रिंगसारख्या ताठ असलेल्या विद्युत उपकरणांच्या पट्ट्याही टाळा. त्यांत बेरिलियम असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांना अतिशय घातक असते.

टॉर्च कोणता? पुन्हा भरता येणारा, पातळ ज्योतीचा छोटा ब्यूटेन टॉर्च शिकण्यासाठी उत्तम. त्याची ज्योत बारीक करता येते आणि तो एका हातात मावतो. प्रोपेनचा मोठा टॉर्च मोठे तुकडे तापवून मऊ करायला हवा, पण तो रंगकामाला पहिल्यांदा हातात घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. त्याच्या ज्योतीने तळहाताएवढ्या पत्र्यावर एकच सरमिसळ रंग येतो आणि शिकणारा निराश होतो. ज्यांना पुढे ज्योतीने अक्षरश: रेघा काढायच्या असतात ते ऑक्सिजन जोडलेला, सुईसारख्या तोंडाचा टॉर्च वापरतात. त्याची घाई नको.

याशिवाय लागेल ते असे: भट्टीच्या दोन-तीन विटा, लांब चिमटा आणि पक्कड, पत्रा कापायची कात्री, बारीक कानस, ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर, सर्वांत बारीक प्रतीचे स्टील वूल, लिंबूसत, खाण्याचा सोडा, पाण्याचे भांडे, सुती फडकी.

आगीजवळ बसण्याआधी

जागा हवेशीर हवी, पण वारा थेट ज्योतीवर येणारी नको. वाऱ्याने ज्योत वाकते आणि रंग ओघळल्यासारखे पसरतात. टेबलावर भट्टीची वीट ठेवा. सिमेंट काँक्रीटच्या लादीवर थेट ज्योत मारू नका. आत मुरलेल्या ओलाव्याची वाफ होऊन तिचे कपचे उडू शकतात. अंगात सुती कपडे, केस बांधलेले, बाह्या घट्ट, पायांत बंद बूट. कृत्रिम धाग्याचे कपडे वितळून कातडीला चिकटतात. डोळ्यांवर संरक्षक चष्मा. शेजारी पाण्याची बादली आणि शक्य असेल तर अग्निशामक नळकांडे.

ब्यूटेन आणि प्रोपेन हवेपेक्षा जड असतात. गळती झाली तर गॅस खाली, जमिनीलगत साठतो, म्हणून तळघरात किंवा खोलगट जागी हे काम करू नये. जोडाची गळती साबणाच्या पाण्याने तपासा, काडी पेटवून कधीच नाही. टॉर्चमध्ये गॅस भरल्यावर काही मिनिटे थांबून मगच पेटवा. पुसण्यासाठी ॲसिटोन किंवा स्पिरिट वापरलेत तर बाटली झाकण लावून दुसऱ्या खोलीत जायला हवी आणि फडकेही तिच्यासोबत.

आणखी एक सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या. विटेवरचे तांबे गरम आहे की थंड, हे नुसते पाहून कळत नाही. तीनशे अंशांचा तुकडा दिवसाच्या प्रकाशात थंड तुकड्यासारखाच दिसतो. त्यामुळे विटेवरची प्रत्येक वस्तू गरमच आहे असे धरून चिमट्यानेच उचलायची.

सफाईत निम्मे काम

नवशिक्यांच्या पट्ट्यांवर रंग डागाळलेले येतात त्याचे कारण बहुतेक वेळा टॉर्चमध्ये नसते, सफाईत असते. बोटाच्या ठशातले तेल ज्योतीखाली जळते आणि तिथे ऑक्साइड वेगळ्या गतीने वाढतो. नुसत्या डोळ्यांना न दिसलेला ठसा रंगात रेघोट्यांसह उमटतो. म्हणून या पायरीवर मी कुणालाही घाई करू देत नाही.

आधी जुना मळ आणि कळकण काढा. कोमट पाण्यात लिंबूसत विरघळवा, एक लिटरला ५० ते १०० ग्रॅम पुरते. तुकडा त्यात बुडवून ठेवा. काळपटपणा निघून गुलाबी धातू दिसेपर्यंत, गरजेनुसार काही मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत. लिंबाचा रस आणि मीठही चालते, पण मोठ्या कामाला लिंबूसत सोपे. या पाण्यात लोखंडी किंवा स्टीलचा चिमटा घालू नका. आधी विरघळलेले तांबे लोखंडाच्या संपर्काने पुन्हा बाहेर पडते आणि तुकड्यांवर खडबडीत थर बसतो. लाकडी किंवा प्लास्टिकचा चिमटा वापरा. वापरून निळसर-हिरवे झालेले पाणी झाडांना घालू नका, गटारातही ओतू नका, त्यात तांब्याचे क्षार असतात आणि ते पाण्यातल्या जीवांना विषारी ठरतात. बाटलीत साठवा, ते पुष्कळ दिवस वापरता येते. हे भांडे पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचे नाही.

आंबट पाण्यातून काढल्यावर सोड्याच्या पाण्यात बुडवा, मग साध्या पाण्याने भरपूर धुवा. आता घासणे. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने एकाच दिशेने, मग ६०० ने, शेवटी स्टील वूलने. एकाच दिशेने, हे महत्त्वाचे. गोलगोल घासलेल्या पृष्ठभागावर प्रकाश विस्कटतो आणि रंग मळकट वाटतात. सरळ घासलेल्या पृष्ठभागावर रंग रेशमी दिसतात. आरशासारख्या चकचकीत पृष्ठभागावर ते अधिक तीव्र, पण कोन बदलला की झपाट्याने पालटतात. मला स्वतःला सरळ घासलेला पृष्ठभाग आवडतो, आणि शिकायलाही तोच बरा, कारण लहान दोष त्यात खपून जातात.

शेवटची कसोटी पाण्याची. तुकड्यावर पाणी ओता. सलग पातळ थर होऊन राहिले तर तेल गेले. थेंब होऊन घरंगळले तर अजून चिकटपणा आहे, पुन्हा घासा. मग स्वच्छ सुती फडक्याने कोरडे करा आणि इथून पुढे फक्त कडांना धरा. घासून ठेवलेला तुकडा दुसऱ्या दिवशी रंगवायला घेऊ नका. हवेतच त्यावर थोडा पापुद्रा चढलेला असतो. आज घासले की आजच रंगवायचे.

पहिली पट्टी

पहिल्या बैठकीत कोणतीही वस्तू बनवू नका. अडीच सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर लांब अशा काही पट्ट्या कापा, कडा कानशीने मऊ करा, वर सांगितल्याप्रमाणे स्वच्छ करा. एक टोक पक्कडीत धरा आणि दुसऱ्या टोकाला खालच्या बाजूने ज्योत लावा. ज्योत हलवू नका. उष्णता पट्टीतून तुमच्या हाताकडे सरकू लागेल आणि तिच्यामागोमाग रंगांची मिरवणूक निघेल. हाताच्या बाजूला नारिंगी, मग किरमिजी, जांभळा, निळा, चंदेरी, सोनेरी आणि ज्योतीच्या टोकाला करडा. निम्मी पट्टी भरली की ज्योत काढा. आता थांबा आणि पाहा. ज्योत नसतानाही रंग अजून सरकतात. किती सरकले हे डोळ्यांत साठवा. उचलायचा क्षण हवा त्या रंगाच्या अलीकडे असतो, आणि किती अलीकडे ते या सरकण्यावरून कळते.

दुसरी पट्टी तशीच तापवा, पण ज्योत काढताक्षणी पाण्यात बुडवा. रंग जागच्या जागी गोठतील. पोलादासारखे तांबे पाण्यात बुडवल्याने कडक होत नाही, त्यामुळे ती भीती नाही. मात्र पाणी सुकताना डाग राहतात, म्हणून लगेच टिपून घ्या. आणि गरम धातू पाण्यात घालताना वाफेपासून तोंड बाजूला ठेवा.

या पट्ट्या टाकू नका. त्यांच्या मागे टोकदार खिळ्याने पत्र्याची जाडी कोरून कामाच्या जागेवर टांगून ठेवा. छापील रंगतक्त्यापेक्षा त्या कितीतरी खऱ्या, कारण त्या तुमच्याच टॉर्चच्या आणि तुमच्याच पत्र्याच्या आहेत.

ज्योत ओळखा

टॉर्चच्या ज्योतीत आत एक गडद निळा टोकदार सुळका असतो आणि त्याभोवती फिकट निळा पिसारा. सर्वांत तीव्र उष्णता आतल्या सुळक्याच्या टोकापुढे असते. रंगकाम मात्र बाहेरच्या पिसाऱ्याने करायचे असते. आतल्या सुळक्यात न जळालेला वायू असतो, तिथे ऑक्सिजन कमी पडतो. सुळका थेट धातूला टेकवला तर आलेला रंग पुसला जाऊन मध्ये उघड्या तांब्याचा ठिपका पडू शकतो. हा परिणाम नंतर मुद्दाम वापरता येतो, पण आधी तो टाळायला शिका. सुळक्याचे टोक आणि पत्रा यांत दोन-तीन सेंटिमीटर अंतर ठेवून सुरुवात करा आणि रंग फारच सावकाश येत असेल तर थोडे जवळ या. ज्योत पिवळी पडून फडफडत असेल तर हवा कमी मिळते आहे. ती काजळी धरते, तिने रंग लावू नका.

प्रकाशाचेही भान हवे. ऊन थेट पडत असेल तर ज्योत दिसत नाही आणि रंगाचा अंदाज चुकतो. खिडकीतून येणारा पसरट उजेड चांगला. मान थोडी हलवून दोन कोनांतून पाहत राहा, कारण समोरून सोनेरी वाटणारा भाग तिरका पाहिला की गुलाबी वाटू शकतो.

ज्योतीने चित्र

सपाट तुकड्याच्या मध्यावर ज्योत धरली की रंगांची कडी तयार होतात. मध्यभाग क्रमात सर्वांत पुढे गेलेला, बाहेरची कड मागे. दगड टाकल्यासारखी ही वर्तुळे फार सुंदर दिसतात, आणि पहिली रचना म्हणून ठिकठिकाणी अशी लहान-मोठी वर्तुळे काढणे पुरेसे असते. ज्योत थोडी सरकवत नेली की वर्तुळाची रेघ होते, पटकन नेली की बारीक नारिंगी रेघ, सावकाश नेली की मध्ये निळी आणि दोन्ही कडांना जांभळी-नारिंगी किनार.

एकाच तुकड्यावर निरनिराळे रंग हवे असतील तर क्रम लक्षात ठेवा. ज्याला जास्त उष्णता लागते तो रंग आधी. सोनेरी आणि गुलाबी भाग प्रथम काढा, मग निळे, मग जांभळे, आणि शेवटी नारिंगी. उलट केले तर सोनेरी आणताना पसरणारी उष्णता आधीच्या नाजूक नारिंगीला निळ्यापर्यंत ढकलून देते. दोन ठिकाणांच्या मध्ये तुकडा पूर्ण थंड होऊ द्या. कंटाळा येतो, तरी थांबा.

उष्णता एका ठिकाणी अडवायची असेल तर तिथे जाड लोखंडाचा ठोकळा टेकवून ठेवा, किंवा कडेला ओले फडके गुंडाळा. ठोकळा उष्णता शोषून घेतो आणि त्याच्या कडेपाशी रंग रेखीव थांबतो. कडा आणि टोके यांची वेगळी काळजी घ्यावी लागते. मध्यभागी लावलेली उष्णता चारी दिशांना पळू शकते, टोकाला तिला जायला जागा नसते. म्हणून पाकळीचे टोक बघता बघता काळे पडते. टोकांना ज्योत आतून बाहेर जाताना फक्त झुळुकीसारखी स्पर्शून जाऊ द्या.

पहिली वस्तू: पान

पट्ट्यांनी हात बसला की पान करा. त्यात कापणे, ठोकणे, मऊ करणे आणि रंगवणे सगळे येते. ०.४ मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा घ्या. कागदावर पानाचा आकार काढून कापा, पत्र्यावर ठेवून टोकदार सुईने रेघ ओढा आणि कात्रीने कापा. कात्री शेवटपर्यंत मिटू नका. प्रत्येक वेळी पूर्ण मिटली की कडेला दातरा पडतो. कापलेली कड वस्तऱ्यासारखी असते, कानशीने आणि मग पॉलिश पेपरने ती बोथट करा.

आता पत्रा मऊ करायचा. दुकानातून आलेला पत्रा लाटताना कडक झालेला असतो. तो विटेवर ठेवा, खोलीतला उजेड कमी करा आणि ज्योत सगळीकडे फिरवत सगळे पान अगदी मंद लाल दिसेपर्यंत तापवा. झगझगीत केशरी होऊ देऊ नका. तांबे १०८५ अंशांना वितळते, आणि पातळ कडा बाकीच्या पत्र्याआधीच तिथवर पोहोचतात. मंद लाली दिसली की ज्योत काढा आणि पाण्यात बुडवा. काळी खपली सुटेल, उरलेली लिंबूसताच्या पाण्यात जाईल. आता पान हाताने वाकवता येईल इतके मऊ झाले आहे.

ते जाड रबरावर किंवा घट्ट नमद्यावर उलटे ठेवा आणि बोथट टोकाच्या अवजाराने मधली शीर दाबून काढा. नंतर तिच्यापासून कडेकडे जाणाऱ्या बारीक शिरा काढा. पोत हवा असेल तर पान सुलटे करून ऐरणीवर ठेवा आणि गोलसर तोंडाच्या हातोडीने हलके मठारा. हातोडीचे तोंड आरशासारखे घासलेले असू द्या, कारण त्यावरचा प्रत्येक ओरखडा तांब्यावर छापला जातो. ठोकता ठोकता पत्रा पुन्हा कडक होतो. ठोक्याचा आवाज खणखणीत झाला आणि हाताला उसळी जाणवू लागली की परत तापवून मऊ करा. न थांबता ठोकत राहिलात तर कडेला चिरा जातात. शेवटी पानाला बोटांनी हवा तसा बाक द्या.

रंग नेहमी सर्वांत शेवटी. बाक दिल्यावर पुन्हा आंबट पाणी, सोडा, घासणे, धुणे, टिपणे. उठावाच्या खाचांत पॉलिश पेपर पोहोचत नाही, तिथे मऊ पितळी ब्रश आणि प्यूमिसची (ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाची) पूड वापरा. मग पानाचा देठ पक्कडीत धरा आणि मधल्या शिरेच्या मागून, देठापासून टोकाकडे ज्योत सरकवत न्या. उष्णता मागून आली की पुढचे रंग अधिक मऊ येतात आणि ते तुम्हाला उमलताना दिसतात. शिरेवर निळा आला की मागे या आणि कडा नारिंगी-किरमिजी राहू द्या. मठारलेल्या खळग्यांच्या कडांवर रंग थोडे पुढे-मागे होतात. तो जिवंतपणा सपाट पत्र्यावर कधी मिळत नाही.

मनासारखे झाले नाही तर

सगळे करडे-काळे झाले तर लिंबूसताच्या पाण्यात टाका, घासा आणि पुन्हा रंगवा. तांबे हे कितीतरी वेळा सहन करते, दर वेळी अगदी थोडी जाडी कमी होते एवढेच. काळी खपली निघाल्यावर खाली विटकरी लाल थर दिसला तर घाबरू नका. तो कॉपरचा दुसरा ऑक्साइड आहे, थोडा चिवट असतो, आंबट पाण्यात जास्त वेळ ठेवून घासावा लागतो. रंग ठिपक्याठिपक्यांचे आले तर सफाई कमी पडली. रंग सगळीकडे सारखाच आणि कंटाळवाणा आला तर ज्योत फार लांब आहे किंवा फार मोठी. रंगांचे पट्टे एकमेकांना चिकटून अगदी अरुंद आले तर ज्योत फार जवळ आणि फार तीव्र आहे. उष्णता हळू पसरू दिली की पट्टे रुंद होतात.

रंग टिकवणे

हा पापुद्रा धातूचाच भाग असल्यामुळे सहजासहजी सुटत नाही, आणि त्यात रंगद्रव्य नसल्यामुळे उन्हाने उडत नाही. त्याचे शत्रू म्हणजे घाम, आम्ल, ओलावा आणि घासणे. भिंतीवरच्या वस्तूला मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या, अतिशय बारीक स्फटिकांच्या मेणाचा) पातळ हात पुरतो. पूर्ण थंड तुकड्यावर मऊ फडक्याने लावा, थोड्या वेळाने हलक्या हाताने पुसा. हाताळायच्या वस्तूला पारदर्शक लॅकर लागतो. पण लॅकरने रंग मंदावतात, हे आधीच स्वीकारा. पापुद्र्याच्या वर हवेऐवजी लॅकर आला की वरच्या पृष्ठावरून परतणारा प्रकाश कमी होतो आणि दोन लाटांचा तोल बदलतो. प्रत्येक लॅकरचा परिणाम वेगळा, म्हणून आधी सरावाच्या पट्टीच्या अर्ध्या भागावर लावून उरलेल्या अर्ध्याशी ताडून पाहा. एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन अगदी पातळ हात चांगले. फवारा ज्वलनशील असतो. टॉर्च बंद आणि दूर असल्याशिवाय डबा उघडू नका. खाण्यापिण्याच्या भांड्यांवर हे रंगकाम करू नये.

कानातले किंवा लटकन करायचे असेल तर जोडणीचा विचार रंगाच्या आधी करा. कथलाच्या मऊ डागाने (सोल्डरने) जोडलेला सांधा रंग आणताना वितळून सुटतो, आणि रंगवल्यावर डाग द्यायला गेलात तर आलेले रंग जळतात. चांदीच्या डागाने झाळलेला सांधा उष्णता सहन करतो, पण सांध्याची रेघ पांढरट राहते, म्हणून ती मागच्या बाजूला येईल असा आराखडा करा. सर्वांत सोपे म्हणजे भोक पाडणे. कापल्यानंतर आणि मऊ करण्याआधी भोक पाडून त्याची कड साफ करा, पान रंगवून आणि लॅकर पूर्ण वाळवून झाल्यावर त्यात कडी अडकवा. कडी उघडताना तिची दोन टोके बाजूला फाकवू नका. एक टोक पुढे आणि एक मागे असे पिळून उघडा आणि तशीच उलट पिळून मिटा, म्हणजे तिचा गोल बिघडत नाही आणि पक्कडीचे तोंड रंगवलेल्या पानाला लागत नाही.